ठिगळ

मी नाकासमोर चालणारा माणूस,
म्हणून की काय, डॉक्टर नाकातूनच आत शिरले.

कुताईसीत, नदीच्या पुलाजवळ माझी भट्टी.
जमिनीत पुरलेला मातीचा रांजण, त्याला आम्ही तोने म्हणतो.
पहाटे चारला कमरेतून वाकायचं,
डोकं, खांदे, अर्धं धड आत,
लांबट कणीक तापल्या भिंतीवर थापायची
आणि धग पापण्यांना लागायच्या आत बाहेर.
एकतीस वर्षं, दिवसातून चारशे वेळा
मी असा उलटा झालो.

मग हात वाढू लागले.
अंगठी घट्ट झाली, शेवटी सोनाराने कापली.
बुटांचा आकडा त्रेचाळीसवरून सत्तेचाळीस.
बँकेतल्या पोरीने ओळखपत्र पाहिलं, मला पाहिलं,
पुन्हा ओळखपत्र पाहिलं.
मेंदूच्या बुडाशी वाटाण्याएवढी ग्रंथी,
तिच्यात बोराएवढी गाठ.

तिब्लिसीत डॉक्टर केतेवाननी कागदावर काढून दाखवलं:
हे नाक. हे त्याचं छत. छताला भोक पाडून गाठ काढू.
वर पाणी आहे, मेंदू त्यात तरंगतो.
भोक नीट बुजलं नाही तर पाणी नाकातून गळतं,
आणि ज्या वाटेने पाणी खाली येतं
त्याच वाटेने जंतू वर जातात.

नाकातून पाहिलं तर ते आभाळच की, मी म्हणालो,
आभाळ फाटलं तर ठिगळ कुठे लावणार?
कुठे ते ठाऊक आहे, त्या म्हणाल्या.
कापड तुमच्याच अंगातलं घेऊ.

बेंबीजवळची चिमूटभर चरबी.
मांडीतल्या पांढऱ्या पडद्याची पट्टी.
आणि नाकाच्या मधल्या भिंतीचं अस्तर, सोललेलं,
पण पुरतं तोडलेलं नाही;
एका रक्तवाहिनीवर लोंबतं ठेवून
वळवलं, वर थापलं.
तुटलेलं वाळतं,
देठाला धरून असलेलं जगतं.

हे मला समजावायला नको होतं.
कणीक कोरडी असली की भिंत तिला धरत नाही,
भिंत गार असली तरी नाही.

नियम: नाक शिंकरायचं नाही. वाकायचं नाही. कुंथायचं नाही.
शिंक आलीच तर तोंड उघडं.

तिसऱ्या रात्री माशी शिंकली.
म्हणजे मीच शिंकलो, झोपेत, तोंड मिटून.
घशात खारट काही उतरलं.
अभ्र्यावर गुलाबी ठिपका,
त्याभोवती पाण्याचं फिकट कडं.
नर्स नाझिब्रोलाने मला बसवलं,
हनुवटी छातीला लावायला सांगितली,
नाकाखाली बाटली धरली.
थेंब टोकाशी आला, लोंबला,
पडला.
इतका स्वच्छ थेंब मी कधी पाहिला नव्हता.
मला लाजच वाटली,
चारचौघांत घरातलं काही सांडावं तशी.

मग कण्यात बारीक नळी, पाच दिवस आडवा.
पाणी खालून थेंबथेंब काढायचं,
वरच्या ठिगळावर भार नको.
वॉर्डच्या छतालाही ओल आलेली.
मी तिच्याकडे बघत पडून राहिलो,
वाढतेय का, मोजत.
सहाव्या दिवशी पुन्हा वाकवलं.
नाझिब्रोलाने बाटली उजेडात धरली, उलटी केली,
आणि काही न बोलता खिशात टाकली.

आता भट्टीत त्सिसाना वाकते, माझी लेक.
पहिल्या दिवशी तिच्या सात भाकऱ्या राखेत पडल्या.
मी मागे ताठ उभा, सांगतो:
हात लवकर काढू नकोस,
थाप, आणि एक श्वास थांब.
कधी पीठ नाकात जातं,
मी आ करून शिंकतो, रांगेतली गिऱ्हाईकं दचकतात.
मग रुमाल बघतो.

बोटांची सूज उतरली,
अंगठी पुन्हा जोडून आणलीय.
बूट मात्र सत्तेचाळीसच.
हाडं मागे फिरत नाहीत, म्हणे.